तुझी पाचशे पॉइंटांची फौज

रविवार, पंधरा मार्च. बेरीज पाचशे पॉइंट, कमी नाही, जास्त नाही. जागा देवास, तुझी मागची खोली. हजर: वहिनी, मुक्ता आणि मी.

दादा, हजेरीत तुझं नाव नाही असा हा आपला पहिलाच डाव. तुला जाऊन महिना होत आला. बाकी सगळं जागच्या जागी होतं. मी डबे उघडून मोजून घेतलं. पायदळाच्या दोन पलटणी, नव्वद-नव्वदच्या. शिलेदारांच्या दोन तुकड्या, ऐंशी-ऐंशीच्या. दोन तोफा गोलंदाजांसकट, पन्नास-पन्नासच्या. आणि घोड्यावरचा सेनापती, साठ. पंचेचाळीस माणसं, अंगठ्याच्या पेराएवढी. एकाचाही भाला मोडलेला नाही.

सेनापतीला मी सगळ्यात शेवटी बाहेर काढलं. वहिनी दारात उभ्या होत्या, तुझ्या डावांच्या वेळी राहायच्या तशाच, उंबऱ्याच्या पलीकडे.

"वन्सं, त्याला पालथा ठेवा," त्या म्हणाल्या.

मी पालथा ठेवला.

हे मुक्ताही वाचणार आहे. तुझी लेक हिंदीत शिकली, मराठी अडखळत वाचते. म्हणून सोपं लिहिते, आणि तुला माहीत असलेलंही पुन्हा सांगते. चिडू नकोस.

कारखान्याने तुला मुदतीआधी घरी बसवलं त्या वर्षीची गोष्ट. जन्मभर सुट्या भागांची मापं तपासली, आता काय तपासू, असं म्हणत तू घरभर फिरायचास. मग मुक्ताने लॅपटॉपवर तुला काहीतरी दाखवलं: मोठाली माणसं टेबलावर छोटे शिपाई मांडून जुन्या लढाया खेळतात, मापपट्टी धरून चाल करतात, फासे टाकून कोण पडलं ते ठरवतात, आणि प्रत्येक तुकडीला तिच्या ताकदीप्रमाणे पॉइंट देतात. तू मला धारला फोन केलास. "मुनीमजी, आपण लढाई लढू." मी एका आडत्याकडे हिशेब लिहिते म्हणून तू लहानपणीच्या शालूची मुनीमजी करून टाकलीस.

कुठली लढाई, हे तुला विचारावं लागलंच नाही. महिदपूरची, इंग्रजांशी झालेली. आपल्या घरचा वीर तिथे पडला, क्षिप्रेच्या उतारावर, जिथून नदी पायी ओलांडतात तिथे, पाणी ओलांडण्याआधी. घरातला कुणी लढाईत पडला की चांदीच्या पत्र्यावर त्याची आकृती ठोकून घ्यायची आणि तो टाक देवांत बसवायचा, ही आपली चाल. आपल्या देवघरातला टाक त्याचा. घोडा उधळलेला, तलवार उपसलेली. नाव कुणाला ठाऊक नाही. वीर म्हणायचं.

"एकदा तरी त्याला उतारापलीकडे नेऊ," तू म्हणालास. हे तू हसत म्हणाला होतास. तरी मला ते तेव्हाही पुरतं हसण्यावारी नेता आलं नाही.

पहिल्याच दिवशी तू दोनशे शिपाई मागवायला निघाला होतास. मी आडवी आले. आधी पुठ्ठ्याचे तुकडे काप, त्यांवर पलटण, तोफ असं लिही, आणि तसेच चार डाव खेळून बघ. खेळ आवडला, नियम डोक्यात बसले, तर मग पाचशेच्या आत बसेल एवढीच फौज घे. घेतलेले रंगवून होईपर्यंत नवे मागवायचे नाहीत.

"क्या भिया, पुठ्ठे की फौज? पूर्वज क्या कहेंगे?"

"पूर्वजांना म्हणावं, बजेट बघा."

तू ऐकलंस. चार डाव पुठ्ठ्याचे झाले. मग पुण्याच्या एका ओतकाम करणाऱ्याकडून शिपाई आले, आणि तुझी मागची खोली रंगांच्या वासाने भरली. तू अंगरख्यांना रंग द्यायचास, वरून पातळ काळी शाई सोडायचास, ती चुण्यांत उतरली की माणूस उठून दिसायचा. पायाखालच्या चकत्यांवर क्षिप्रेची वाळू, वहिनींच्या चहाच्या गाळणीतून चाळलेली. त्या गाळणीवरून घरात खरी लढाई झाली. नदी म्हणजे मुक्ताची निळी ओढणी. टेबल मधोमध वाटलेलं. देवासात एके काळी दोन राज्यं होती, रस्त्याच्या एका अंगाला थोरली पाती, दुसऱ्या अंगाला धाकटी. तसंच आपलं. तू थोरली पाती, मी धाकटी, आणि धाकटीने कंपनी सरकारचे इंग्रज व्हायचं. माझे इंग्रज शेवटपर्यंत पुठ्ठ्याचेच राहिले. "फिरंग्यांवर मी रंग वाया घालवणार नाही," तू म्हणायचास.

धारहून इंदूरला बस बदलून दर दुसऱ्या रविवारी मी यायचे. शेजारीण विचारायची, माहेरी एवढं काय काम निघालंय? मी सांगायचे, लढाई आहे. तिला वाटलं, वाटणीची. तिने मला आपल्या ओळखीचा वकीलही सुचवला. दादा, बावन्न वर्षांत मला कामाला पुष्कळांनी बोलावलं. खेळायला तू एकट्याने. हे तुला सांगायचं राहिलं होतं.

पण सेनापती पुण्याचा नव्हता.

त्यांच्याकडचा एकही स्वार तुला पसंत पडेना. एका सकाळी अंघोळ करून तू देवघरातून टाक काढलास आणि मऊ पुट्टीत दाबलास. अर्धा स्वार उमटला. उरलेला अर्धा तू हाताने घडवलास, आठवडाभर, भिंग लावून. टाक धुवून, गंध लावून परत ठेवलास. वहिनी खातेगावच्या, त्यांच्या माहेरीही वीर आहे. त्या एवढंच म्हणाल्या, "देवघरातला माणूस बाहेर काढलात. आता त्याला परत आत कसा पाठवणार?"

आणि त्याला तोंड नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या चिंचेने घासून टाकावरचं तोंड झिजून गेलं होतं, तसंच ते सेनापतीवर उतरलं. चव्वेचाळीस माणसांना नाक-डोळे, मिशा. जो त्यांच्या पुढे उभा, त्याच्या पागोट्याखाली नुसता गुळगुळीत गोटा. मी डाव मांडताना त्याच्याकडे बघणं टाळायचे.

आपलं भांडण मात्र तोंडावरून नव्हतं, जागेवरून होतं. नियम साधा होता. सेनापती तोफेच्या माऱ्यात असेल त्या प्रत्येक फेरीत शत्रूने एक फासा टाकायचा. सहा पडले तर सेनापती पडला, आणि सेनापती पडला की फौज मोडली. फेऱ्या सहा; उतारावर तेवढ्या तगला, तर तो पलीकडे पोचला. शहाणा माणूस सेनापतीला तोफांच्या मागे, झाडीत ठेवतो. तू त्याला थेट उतारावर, पाण्याच्या काठाशी उभा करायचास.

"दादा, मागे घे त्याला."

"टाक बघितलास ना? तलवार उपसलेली आहे. उपसलेली तलवार घेऊन कुणी झाडीत बसतं का?"

"साठ पॉइंट आहेत त्याचे. ते काय पाण्यात टाकायला दिलेत?"

"तू साठ बघ. मी त्याला बघतो."

सगळी फौज रंगवून व्हायलाच दीड वर्ष गेलं. तिच्या पहिल्या डावात तो चौथ्या फेरीला पडला. दुसऱ्यात पाचव्या. त्यानंतरच्या रविवारी मी आले तेव्हा त्याला तोंड होतं. तू रंगवलं होतंस. वीराचं तोंड जिवंत माणसांपैकी कुणी पाहिलेलं नाही, मग कुठून आणलंस? तुझ्या रंगांच्या डब्यांपाशी दाढीचा आरसा होता. जाड भुवया, डावीकडे किंचित वाकलेलं नाक. मुक्ताचंही नाक तसंच आहे.

"दुसरं कुठलं आणू?" तू म्हणालास. "रक्त तेच ना?"

वहिनींनी ते पाहिलं आणि दारातूनही निघून गेल्या.

त्या डावात मी पहिल्याच फेरीला पहिलाच फासा टाकला. सहा. आपण दोघं ओढणीच्या नदीकडे बघत बसलो. मग तू त्याला बोटाने हळूच आडवा केलास. एरवी तू म्हणायचास, "गेला बिचारा." त्या दिवशी म्हणालास, "चला. मी गेलो."

स्वयंपाकघरात वहिनी रडत होत्या. मी कागद घेऊन त्यांना समजावलं. एका फेरीत मरण्याची शक्यता सहात एक. सहा फेऱ्या माऱ्यात उभं राहिलं तर मरण्याची शक्यता दोन तृतीयांश. लागोपाठ तीन डाव मरणं म्हणजे दहात जवळजवळ तीन. यात नवल काही नाही, वहिनी. फाशाला आठवण नसते.

वहिनींनी कागद पाहिला, डोळे पुसले आणि विचारलं, "मग बाकीचे सात कुठं गेले, वन्सं?"

मी कागद घडी घालून ठेवला.

टेकडीवर देवीला जाताना तू अर्ध्या वाटेत बसायला लागला होतास. म्हणायचास, पायऱ्या वाढवल्यात यांनी. मग तो सोमवार, दूध आणायला गेलास आणि दुकानाच्या फळीवर बसलास तो उठला नाहीस. इंदूरला दोन दिवस तू यंत्रांच्या मधोमध होतास. दुसऱ्या दिवशी शुद्धीत आलास आणि मला म्हणालास, "शालू, या खेपेला मागे ठेवू त्याला. तू म्हणतेस तसं." मी म्हणाले, "आधी घरी तर चल." वाद मी जिंकले होते, दादा, आणि मला तो जिंकायचा नव्हता. तू तसाच हट्टाने भांडत राहायला हवा होतास. मला वाटतं, मला तेव्हाच कळलं.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं, हृदयाचा स्नायू जाड झाला होता. "ये फैमिली में चलता है. बच्चों का करा लो, भाई-बहन का भी." किती जणांना होतं, मी विचारलं. आई-बापांपैकी एकाला असेल, तर प्रत्येक मुलाला दोनात एक.

आपले बाबा छप्पन्नाव्या वर्षी गेले, अचानक. आजोबा त्यांच्याही आधी, शेतात उभे असताना. तू सत्तावन्न. मी दुसऱ्यांचे आकडे रकान्यांत मांडून पोट भरते, आणि हे तीन आकडे मी कधी एका रकान्यात मांडले नव्हते. मी फाशाबद्दल सांगत होते ते तुझ्या टेबलावरच्या फाशाबद्दल खरं होतं. हा दुसरा फासा आठवण ठेवतो.

मुक्ता तपासणीला जाईना. वहिनी रोज फोन करायच्या, ती इंदूरच्या ऑफिसातून सांगायची, काम आहे, पुढच्या आठवड्यात. वहिनींनी मनाशी दोन गोष्टी धरल्या: पोरीची तपासणी, आणि त्या तोंडवाल्या सेनापतीला क्षिप्रेत सोडणं. म्हणून त्या रविवारी मी आले. मुक्ताही आली. आणि मी डबे उघडून मोजलं, ते वर लिहिलंच आहे.

मुक्ताने पालथा सेनापती उचलून सरळ केला. "नदीत नाही जाणार हा. बाबांचं तोंड आहे."

"तुझंही आहे," वहिनी दारातून म्हणाल्या. "म्हणूनच सांगते."

"आई, प्लीज. फालतू बातें."

"आणि तपासणी?" मी म्हणाले. "तीही फालतू?"

तिने माझ्याकडे पाहिलं, अगदी तू पाहायचास तसं, भुवया वर न करता. "तू केलीस, आत्या? दोनात एक तुलाही आहे ना? तू धारहून इथे लढाई मोजायला आलीस. मधे इंदूर लागतं. थांबलीस?"

मी थांबले नव्हते. बस बदलली होती आणि पुढची पकडली होती.

मग ती म्हणाली, "चलो, एक गेम. बाबांची फौज मी, तू इंग्रज. सहा फेऱ्या हा जगला, तर टेस्ट नाही, नदी नाही. मेला तर दोन्ही."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण डोक्यात आकडा आधी आला: तो मरण्याची शक्यता तीनात दोन. म्हणजे मुक्ता तपासणीला जाण्याचीही तीनात दोन. आकडा माझ्या बाजूचा होता. मी पुठ्ठ्याचे इंग्रज मांडले.

तिने त्याला उतारावरच ठेवलं. "बाबा ठेवायचे तिथे."

पहिली फेरी, तीन. दुसरी, एक. मुक्ता तुझ्याहून बरी खेळते, दादा. तिने शिलेदार वरच्या अंगाने पाण्यात घातले आणि माझी एक पलटण मोडली. तिसरी फेरी, पाच. चौथी, दोन. बाहेर कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर गाणी लागली होती, मुक्ताने उठून खिडकी लावली. पाचवी, पुन्हा पाच.

सहावी फेरी. तो अजून उभा होता. इतका वेळ तो कधीच उभा राहिला नव्हता. एक फासा, आणि तुझा वीर उतारापलीकडे गेला असता, दोन वर्षांत पहिल्यांदा. मी फासा मुठीत घेतला, आणि मला कळलं की मला सहा हवे आहेत. तुझं तोंड असलेल्या त्या माणसावर मला सहा हवे होते, म्हणजे तुझी पोर दवाखान्यात गेली असती. सहा पडले नाहीत, तर तू जगणार आणि ती जाणार नाही. मुक्ता हसत होती, पण तिचा हात टेबलाच्या कडेवर घट्ट होता.

"टाक ना, आत्या."

मूठ उघडेना.

तेवढ्यात वहिनी आत आल्या. दादा, त्या खोलीत आल्या. दोन वर्षांत त्या उंबऱ्याच्या आत आल्या नव्हत्या. सरळ टेबलापाशी आल्या, सेनापती उतारावरून उचलला आणि पदरात घेतला.

"आई! खेळ चालू आहे!"

"चालू दे. हा घरी चालला."

"सेनापतीने मैदान सोडलं तर फौज हरते. सगळे पॉइंट आत्याला जातात."

"जाऊ देत."

"ये चीटिंग है."

"हओ, आहे," वहिनी म्हणाल्या. "हे तिथं टेबलाशी बसून तीनदा मेले आणि मी दारात उभी राहून बघितलं. आता माझ्या पोरीचं आयुष्य फाशावर लावलंत तुम्ही दोघींनी, तेही बघू? हा जिवंत आहे, मी घेऊन चालले. उद्या तू माझ्याबरोबर इंदूरला येशील. वन्सं, तुम्हीही."

मागे घेण्याची जागा मी तुला शंभरदा दाखवली, तोफांमागे, झाडीत. त्याला टेबलावरूनच उचलून घरी न्यावं, हे आपल्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. तुला ते पळून जाणं वाटलं असतं. मला पाचशे पॉइंटांचं नुकसान. वीरालाही त्या दिवशी असं कुणी न्यायला आलं असतं तर, असा विचार मी आता करते, आणि पुढे जात नाही.

मुक्ता बराच वेळ ओढणीच्या घड्या घालत बसली. नदी पुरी गुंडाळून झाल्यावर म्हणाली, "आत्या, तू खरंच येशील?"

"येईन."

"पहले तू."

"पहले मैं."

सोमवारी गेलो. आधी मी, मग मुक्ता. अंगाला तारा लावतात, थंड जेल लावतात, आणि पडद्यावर आपलं हृदय काळं-पांढरं उघडझाप करताना दिसतं. यंत्र चालवणारी मुलगी नुसती मापं घेते, एकेका भिंतीची, मिलिमीटरमध्ये. तुला ते आवडलं असतं. माझ्या वेळी ती एका जागी दोनदा थांबली. मुक्ताच्या वेळी थांबली की नाही, मला बाहेर बसून दिसलं नाही. डॉक्टर शनिवारी सांगतील. आज बुधवार. दोघी सुटण्याची शक्यता चारात एक. हा आकडा मी वहिनींना सांगितलेला नाही. त्या विचारतील, बाकीचे तीन कुठं गेले.

फौज मुक्ताची. डबे ती इंदूरला घेऊन गेली, सेनापतीची जागा रिकामी ठेवून. फासा माझ्याकडे आहे. टाकलेला नाही.

दिलं-घेतलं ते असं. पाचशे पॉइंट, पुरे, कंपनीला, म्हणजे मला. मुक्ताने दिले, कुरकुरत. आणि सोमवारी तपासणीच्या खिडकीवर मी पाकीट काढलं, तर वहिनींनी माझा हात बाजूला केला. आतल्या मुलाने विचारलं, "कितने लोग?" वहिनींनी पर्स उघडली. रुमालात गुंडाळलेलं काहीतरी आधी काढून माझ्या हातात दिलं, पैसे मोजून होईपर्यंत धरायला. रुमाल मी उलगडला नाही. वजन ओळखीचं होतं.

"दो," वहिनी म्हणाल्या, आणि अठराशे दुणे छत्तीसशे रुपये त्यांनी खिडकीत भरले.